सुखदेव पेंटरांचं शंभर वर्षांनंतरचं तळेगाव

माझं कथांचं छोटंसं पुस्तक निघाल्यापासून महिन्याकाठी दोन-तीन तरी निरोप येतात. "मॅडम, मला विज्ञानकथा लिहायची आहे, सुरुवात कशी करू?" नाहीतर, "मी परग्रहांची चित्रं काढतो, कुणाला दाखवू?" मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गाय अडली तर काय करायचं ते मला कधीही विचारा, पण या प्रश्नांची माझ्याकडे जी उत्तरं आहेत ती माझी नाहीत. ती सगळी तळेगावच्या सुखदेव पेंटरांची आहेत. गेल्या हिवाळ्यात ते गेले, त्यामुळे आता कुणाला त्यांच्याकडे पाठवताही येत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुखदेव पेंटर म्हणजे बुटका, सावळा माणूस. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याचा मूळ रंग कोणता हे त्यांनाही आठवत नसे. कानावर ब्रश. बोलताना समोरच्याकडे बघायचे नाहीत, भिंतीकडे बघायचे, आणि भिंत नसेल तर आभाळाकडे. पहिल्यांदा मला वाटलं, काय शिष्ट माणूस आहे! पुढे लक्षात आलं, की जन्मभर भिंतीकडे तोंड करून काम केल्यावर मान तशीच राहत असणार.

तळेगावला हायवेच्या कडेला त्यांचं टिनाचं शेड होतं. फ्लेक्स आल्यावर आजूबाजूचे सगळे पेंटर दुसऱ्या धंद्याला लागले. सुखदेव पेंटरांकडे सरकारी भिंती राहिल्या. आष्टी तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, लसीकरण, शौचालय, पीकविमा, जे काही निळ्या चौकटीत पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं दिसेल ते त्यांच्या हातचं. खाली कोपऱ्यात बारीक "सुखदेव, तळेगाव". लोकांचा त्या अक्षरांवर एवढा विश्वास होता की आमच्या दवाखान्याचा छापील कागद आला तरी लोक विचारायचे, "पेंटरनं भिंतीवर लिहिलं का?"

जनावरांच्या लसीकरणाचीच भिंत रंगवून घ्यायला मी गेले होते. त्यांनी माझं काम ऐकून घेतलं आणि टिनाच्या भिंतीकडे बघत विचारलं, "म्याडम, गाय रवंथ करते तवा तिचा जबडा कोन्या अंगानं फिरते?"

मी सांगितलं. मग आत जाऊन त्यांनी प्लायवूडचा एक तुकडा आणला. त्यावर चंद्रावरचा गोठा होता. काचेचं छत, दावणीला तीन गाई, आणि वर काळ्या आभाळात आपली निळी पृथ्वी. मी विचारलं, "हे कुणासाठी?"

"कोनासाठीच नाई. बोर्डाचा रंग उरते, वाया काऊन घालवाचा?"

त्या गाईंकडे बघता बघता मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्या अनोळखी माणसाला सांगून बसले, की मीसुद्धा असलं काहीतरी लिहिते. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही, कौतुकही केलं नाही. "रविवारी आना मंग," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी शेडमध्ये बैठक भरायची. कायमच्या आम्ही दोघीच, मी आणि प्रज्ञा. प्रज्ञा आर्वीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि टॅबलेटवर चित्रं काढते. बाकीचे यायचे, जायचे. बरेचसे एकदाच यायचे, कारण पेंटर कुणालाही छान म्हणत नसत. त्यांची एक विचित्र रीत होती. गोष्ट हातात घेतली की आधी शेवटचं पान काढून रंगाच्या डब्याखाली दाबून ठेवायचे. उरलेली गोष्ट बोर्ड वाचावा तशी, एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं वाचायचे. वाचून झाली की शेवट काय असेल ते आपणच सांगायचे. अंदाज बरोबर निघाला, तर लिहिणाऱ्यानं उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. पहिलं वर्षभर दर रविवारी चहा मीच केला. पुढे पुढे तर मी घरून निघताना कागदांबरोबर आल्याचा तुकडाही पर्समध्ये टाकत असे.

माझ्या पहिल्या कथेत दूरच्या ग्रहावरचं सहा पायांचं, अंगातून निळा उजेड फेकणारं जनावर होतं. मला ते फार भारी वाटत होतं. पेंटरांनी वाचलं आणि विचारलं, "हे बसते कसं?"

"म्हणजे?"

"खाली बसाले आधी कोनते पाय दुमडते? समोरचे, मधातले, का मांगचे?"

त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "अन् शेन टाकते का नाई? टाकत असन तं त्याचाबी उजेड पडत असन."

प्रज्ञा फिस्सकन हसली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, ही कल्पना आहे. दवाखान्याचा रिपोर्ट नाही."

"तेच तं म्हनून राह्यलो, म्याडम. दिवसभर तुमचा हात जनावराच्या पोटात असते, अन् कागद घेतला का जनमात जनावर पाह्यलं नाई असं लिहिता. जे तुमाले ठाऊक हाय तेच काऊन फेकून देता?"

दोन रविवार मी फिरकले नाही. तिसऱ्या रविवारी गेले, तेव्हा माझं जनावर आधी मधले पाय दुमडत होतं, मग मागचे, आणि बसताना कण्हत होतं. पेंटरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. चहा मात्र त्याही दिवशी मीच केला.

कथेत नवीन यंत्र आलं, की त्याला ते बाजारात नेऊन बसवायला लावायचे. म्हणजे खरोखरच आम्हाला आष्टीच्या आठवडी बाजारात घेऊन जायचे. माझ्या एका कथेत माणसाच्या आठवणी साठवून ठेवणारं यंत्र होतं. पेंटर भर गर्दीत उभं राहून मला विचारायला लागले, "हे कुठं बसन? बांगडीवालीपाशी, का विळे-खुरपेवाल्यापाशी? बिघडलं तं कोनापाशी नेतीन? अन् घेईन कोन?"

मी म्हटलं, "विद्वान माणसं घेतील."

"विद्वान बाजारात येत नाईत. त्याईची बायको येते."

आमचं बोलणं शेजारची मिरचीवाली बाई मघापासून ऐकत होती. ती म्हणाली, "काहो भाऊ, माह्या सासूच्या आठवनी तिनं मलेच सांगून ठेवल्या. त्या यंत्रात भरून तिले वापस करता येतीन का?" आजूबाजूच्या चार बायका हसल्या. मला मात्र तिथेच, मिरचीच्या ठसक्यात शिंकत असताना, गोष्टीचा शेवट सापडला. पुढच्या रविवारी डब्याखालचं पान पेंटरांना ओळखता आलं नाही. ते उठले आणि त्यांनी चहा केला, अगदी पांचट. माझ्या आयुष्यात तेवढा चवदार चहा मी प्यालेले नाही.

चित्रकारांसाठी त्यांचं वेगळं शास्त्र होतं. गोष्ट तीनदा वाचल्याशिवाय रेघ मारायची नाही. आणि गोष्टीत जे लिहिलंय ते काढायचं नाही. "ते लिहिनाऱ्यानं केलंच हाय ना पोरी. त्याचं सांगाचं राह्यलं ते तू पाहून ये," असं ते प्रज्ञाला सांगायचे. तिनं एकदा ढगांवरचं शहर काढलं होतं, उंच चकचकीत इमारती, फिरते जिने, सगळं कसं देखणं. पेंटर ते बघून म्हणाले, "इथल्या लोकाईचे कपडे कुठं वाळते?" प्रज्ञाचा चेहरा पडला. दोन आठवड्यांनी तिनं तेच शहर परत आणलं. आता इमारतींच्या मधून दोऱ्या होत्या, आणि एक चादर ढगात अर्धी भिजली होती. मी ते चित्र बघितलं आणि मला त्या शहरात राहणाऱ्या माणसांची पहिल्यांदा काळजी वाटली.

हे चित्र तिनं मासिकांकडे पाठवलं आणि ते चार वेळा नाकारलं गेलं. पेंटरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण पाठवायच्या आधीच वहीत पुढच्या पाच ठिकाणांची नावं लिहून ठेवायची, हा त्यांचा नेम होता. "वापस आलं का रडत बसाचं नाई. खालचं नाव पाहाचं." पाचव्या ठिकाणी ते छापलं. प्रज्ञा अंक घेऊन पळत आली. पेंटरांनी पान उलटसुलट बघितलं, शाईचा वास घेतला आणि विचारलं, "दुसरं काय काढून राह्यली?"

आमच्यासाठी हा माणूस इतकं करायचा, पण स्वतःचं एकही चित्र त्यानं कुठे पाठवलं नव्हतं. आम्ही विचारलं की प्लायवूडचे तुकडे उलटे करून ठेवायचे. म्हणून जेव्हा गावाच्या तोंडाशी असलेल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकानं आपली लांबलचक भिंत पोतून दिली आणि "काय काढायचं ते काढा," असं सांगितलं, तेव्हा आम्हा दोघींनाच जास्त आनंद झाला. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेला मजकूर रंगवणाऱ्या माणसाला असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. तीन आठवडे ते त्या भिंतीला चिकटून होते. चित्राचं नाव, शंभर वर्षांनंतरचं तळेगाव.

काय चित्र होतं ते! हायवेच्या चौफुलीवर आकाशातून मालगाड्या उतरत होत्या. बसस्टँडवर काचेचा घुमट होता. आणि दक्षिणेकडे, जिथे आज शेतं आहेत, तिथे नजर पोचणार नाही एवढं तळं, त्यावर संत्र्याच्या तरंगत्या बागा. तपशिलासाठी आमचा जीव खाणाऱ्या या गुरूनं प्रत्येक शेतावर, तळ्याखाली गेलेल्यासुद्धा, खरा गट नंबर घातला. सगळ्याला निळी चौकट आणि पांढरी अक्षरं, कारण हाताला तीच सवय. मी आणि प्रज्ञा शेजारी उभ्या राहून वाहवा करत होतो. आमच्या दोघींच्या शिकलेल्या डोक्यांत काहीही आलं नाही.

गावानं ती भिंत सरकारी म्हणून वाचली. निळ्या चौकटीत, सुखदेव पेंटरांच्या हातचं, गट नंबरांसकट. दुसरं काय वाचणार? बरेच जण दोन दिवस कुजबुजले आणि तलाठ्याला विचारून मोकळे झाले. वच्छलाबाईंनी मात्र कुणालाच विचारलं नाही. त्या सत्तरीच्या, एकट्या, चार एकर वावर स्वतः करणाऱ्या. त्यांचं माहेरचं गाव फार पूर्वी धरणात गेलेलं, त्यामुळे असल्या गोष्टी खऱ्याच होतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुतण्यानं भिंतीवरचा नंबर वाचून दाखवला, तेव्हा त्यांच्या अंगणात संत्र्याची कलमं लावायला आणून ठेवलेली होती, खड्डेसुद्धा खणून झाले होते. त्यांनी कलमं शेजाऱ्यांना वाटून टाकली आणि खड्डे बुजवले.

आठवड्यानं, रविवारी, आमची बैठक चालू असताना त्या शेडमध्ये आल्या. हातात पिशवी, पिशवीत सातबारा.

"सुखदेवा, मले किती दिवस हायेत रे? सामान बांधा लागन ना."

पेंटरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी वच्छलाबाईंच्या तोंडाकडे सरळ बघितलं. "मावशी, ते खरं नाई. मी मनानं काढलं."

"मनानं? अन् माह्या वावराचा नंबर?"

"तो खरा हाय."

"मंग?"

म्हातारी पिशवी छातीशी धरून उभी होती. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. कलमं वाटून टाकल्याचं तिनं सांगितलं तेही सहज, कुणाला काय दिलं ते सांगावं तसं.

त्याच दिवशी पेंटरांनी चुन्याची बादली घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळी भिंत पांढरी केली. आम्हाला ब्रशला हात लावू दिला नाही. शेवटचा कोपरा पोतताना मला म्हणाले, "म्याडम, माह्यं घर मी या चित्रात टेकडीवर ठेवलं होतं, कोरड्या जागी. तुमी पाह्यलं होतं का? मीबी नोतं पाह्यलं."

वच्छलाबाईंना त्यांनी दुसरी कलमं नेऊन दिली. पण स्वतः काढणं बंद केलं. रविवारच्या बैठका चालू होत्या, आमचे कागद डब्याखाली जात होते, पण प्लायवूडवर आता फक्त बोर्ड रंगत. दोन वर्षं अशी गेली. मग माझं पुस्तक काढायला नागपूरचा एक प्रकाशक तयार झाला. त्याला आत चित्रं हवी होती. मला पेंटरांचीच हवी होती. हा हट्ट पुस्तकासाठी कमी होता आणि त्यांच्यासाठी जास्त होता, हे आज कबूल करते. ते चंद्रावरचे गोठे त्यांच्या डोक्यातच संपले असते, तर मला ते सहन झालं नसतं.

"प्रज्ञाले सांगा," ते म्हणाले.

प्रज्ञानं सांगून टाकलं, "काका काढत असतील तर मी रंग भरून देईन. नाहीतर नाही." आम्ही दोघींनी महिनोन्‌महिने त्यांच्या मागे भुणभुण लावली.

"माह्या हातचं लोकं खरं मानते," एकदा ते वैतागून म्हणाले. "मंग काढाचं कसं, सांगा!"

"कुणीतरी खरं मानावं म्हणूनच तर आपण लिहितो, काका."

"तुमाले कोनी सातबारा घेऊन इचाराले नाई आलं."

मी उठून चहा ठेवला.

त्यानंतर एका सकाळी वच्छलाबाईंच्या गाईसाठी बोलावणं आलं. वासराचा पाय मुडपला होता. दोन तास झटापट झाली, पण कालवड जिवंत निघाली. ती उभी राहून दूध शोधायला लागल्यावर वच्छलाबाईंनी मला हात धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी त्या पेंटरकडे जाता ना? तो काऊन काढत नाई आता?"

मी म्हटलं, "तुमच्यामुळे. म्हणजे, तुम्हाला त्रास झाला म्हणून."

"झाला ना. लय झाला. महिनाभर जेवन नाई गेलं मले." "पन त्या तळ्यात एक बाई होती, पाह्यली का तुमी? नावेत बसलेली, लाल लुगड्यातली. ती कोन होती? कुठं जाऊन राह्यली होती? त्यानं सारं पोतून टाकलं. सांगतलंच नाई."

मी ते चित्र वीस वेळा तरी पाहिलं होतं. मला ती होडी आठवत नव्हती, बाई आठवत नव्हती. वच्छलाबाईंना तीन वर्षं ती आठवत होती.

मी तशीच गाडीवरून शेडवर गेले, शर्टाच्या बाह्यांना लागलेलं तसंच घेऊन. पेंटर एका दुकानाचा बोर्ड रंगवत होते. मी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, मग पुन्हा. वच्छलाबाई नक्की काय म्हणाल्या, "कोण" आधी म्हणाल्या की "कुठं" आधी, हेही विचारलं. मग बोर्डाकडे बघत म्हणाले, "मलेबी मालूम नाई ती कोन होती."

"मग त्यांनाच विचारा," मी म्हटलं. पेंटरांना मी कधी काही शिकवलं असेल तर तेवढंच.

त्यानंतर कामाच्या गडबडीत दोन-तीन रविवार माझे चुकले, आणि माझ्या बदलीचा आदेश आला, समुद्रपूर तालुक्यात. निरोप घ्यायला गेले तर शेडला कुलूप. शेजारच्या पानठेल्यावाल्यानं सांगितलं, "पेंटर वच्छलामायच्या वावरात गेले. आता रोजच जातात."

मी गाडी रस्त्यावर लावून बांधाच्या अलीकडेच थांबले. संत्र्याची झाडं माझ्या कमरेपर्यंत आली होती. बांधावर पेंटर बसले होते, मांडीवर प्लायवूड, त्यावर मोठा कागद. वच्छलाबाई त्यांच्या डोक्याशी उभ्या राहून हुकूम सोडत होत्या.

"मले पान्याचा भेव लागते, सांगतलं ना तुले. मी नावेत नाई बसत. ती बाई दुसरी कोनी असन. माह्यं घर वरतं घे."

"घर पान्यावरच हाय मावशी, तरंगते."

"अन् गाय?"

"गायबी हाय."

"तिचा चारा कोन आनते मंग?"

पेंटरांनी मुकाट्यानं एक चाऱ्याचा तराफा काढला. मला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. वच्छलाबाई वाकून कागद बघत होत्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "अन् तुहं घर कुठं हाय यात?"

पेंटरांनी पेन्सिलीचं टोक कागदाच्या अगदी खालच्या कडेला टेकवलं, तळ्याच्या बुडाशी. "हे माह्यं."

"पान्याखाली?"

"हो."

"अन् काय करशीन रे तिथं?"

"मासोळ्याईचे बोर्ड रंगवीन."

वच्छलाबाई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. हसू ओसरल्यावर त्या गुडघ्यांवर हात टेकत त्यांच्या शेजारी बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी वरून तुले भाकर सोडत जाईन."

पेंटरांनी मान खाली घातली आणि वच्छलाबाईंच्या तरंगत्या घराच्या दारातून एक दोरी खाली, थेट तळापर्यंत काढली.